डाव्या मानेवरची खूण

इस्माईलभाय गेल्याची बातमी मला माझ्या दहा वर्षांच्या नातीने दिली, आणि तीही इंग्रजीत. दुपारची झोप काढून मी गॅलरीच्या काचेशी उभा होतो. अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर आमचा फ्लॅट एकतिसाव्या मजल्यावर आहे. तिथून माणसं दिसत नाहीत, खाडी आणि गाड्यांच्या रांगा तेवढ्या दिसतात. माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता, तो वाजला आणि तिने उचलला. "दादा, समबडी फ्रॉम रास अल खैमा. युवर फ्रेंड एक्स्पायर्ड," असं म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा टॅब घेऊन सोफ्यावर जाऊन बसली. तिची काही चूक नाही. तिने इस्माईलभायना कधी पाहिलंच नव्हतं. साठ वर्षांचा दोस्त, आणि माझ्या नातीला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही... याला जबाबदार कोण, हे विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायची गरज नाही.

फोनवर राशिद होता. इस्माईलभायनी ज्या अरबी घरात आयुष्य काढलं, त्या घरचा हा नातू, आता पंचेचाळिशीचा बाप्या झालाय. हिंदी तो इस्माईलभायकडूनच शिकला. पहाटेच्या नमाजनंतर चाचा आडवे झाले ते उठले नाहीत, दुपारी दफन झालं, तुमचा नंबर त्यांच्या वहीत सापडायला वेळ लागला, माफ करा, असं तो सांगत होता आणि मी हो-हो करत होतो. तीन दिवस घर खुलं आहे, या, म्हणाला. मुलगा ऑफिसात मीटिंगला. त्याला मेसेज केला तर विकेंडला जाऊ ना बाबा, असं उत्तर आलं. मी मेलो तर विकेंडपर्यंत ठेवणार आहेस का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच टॅक्सी करून निघालो. तिथे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी साठ वर्षांत कुणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगायची आहे. या पुरवणीने माझ्याकडे जुन्या आखाताच्या आठवणी मागितल्या होत्या, गमतीदार काहीतरी लिहा म्हणून. यात गंमत फारशी नाही. संपादकांनी राग मानू नये.

सन पासष्ट असेल. मी एकवीस वर्षांचा, दाभोळच्या खाडीकाठचा. बाप समुद्रात गेलेला, घरात आई आणि चार लहान भावंडं. कागदपत्र काही नाही. लाँचवाल्याने आम्हा पंधरा जणांना खोर फक्कानच्या बाजूला गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, चला, पलीकडे दुबई आहे. दुबई कसली डोंबलाची! दोन दिवस चालून मी रास अल खैमात पोचलो तेव्हा पायाची सालं निघाली होती. त्या गावात आपल्याकडचे जेमतेम आठ-दहा लोक, आणि त्यातला जाणता म्हणजे इस्माईलभाय. ते माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, गुहागरच्या बाजूचे, रीतसर पासपोर्टवर बोटीने आलेले आणि तिथल्या एका कचेरीत कारकून. मी त्यांच्या दारात उभा राहिलो. कुठला, कुणाचा, एवढंच विचारलं आणि घागरीतलं पाणी दिलं. खजुरीच्या झावळ्यांची खोली होती, एका माणसापुरती. त्यात मी पुढे दीड वर्ष राहिलो. कधीपर्यंत राहणार, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आज जे रास अल खैमा दिसतं, सिमेंटच्या गिरण्या आणि फरशांचे कारखाने, ते मनातून पुसून टाका. समुद्रकाठी थोडीशी दगडी घरं, बाकी झावळ्यांची, आणि पाठीमागे डोंगरापर्यंत पसरलेलं वाळूचं रान. त्या रानात गाफची झाडं, काटेरी पण हिरवी, आणि त्या झाडांखाली उंट. थंडीत पाऊस पडून गेला की तिथले बदू लोक, म्हणजे वाळवंटातले भटके, उंट मोकळे सोडायचे. महिना-दोन महिने उंट जिथे पाला मिळेल तिथे भटकायचे, कुणाचे कुणात मिसळायचे. मग ऊन तापू लागलं, रानातलं पाणी आटलं, की ते आपणहून विहिरींकडे वळायचे आणि उरलेल्यांना माणसं जाऊन हाकत आणायची. इस्माईलभाय म्हणायचे, हे आपल्यासारखंच रे लतीफ, आपल्याकडे भात कापल्यावर गुरं मोकाट सोडतात ना, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे जनावर हरवलं तर जास्तीत जास्त शेजारच्या गावच्या कोंडवाड्यात सापडतं, इथे ते ओमानात सापडतं.

ती विहिरीवरची गोळाबेरीज मी त्यांच्याबरोबर पाहिली आहे. चारशे-पाचशे उंट, धुळीचा लोट, आणि मधोमध विस्तवात तापत ठेवलेल्या लोखंडी सळया. उंट कुणाचा हे ठरायचं वस्मवरून. वस्म म्हणजे डाग देऊन केलेली खूण. प्रत्येक घराण्याची वेगळी: कुणाच्या दोन रेघा, कुणाचं कडं, कुणाची नांगरासारखी वाकडी काडी. एकाच कुळातल्या दोन घरांची खूण बरेचदा एकच असायची, मग जागा वेगळी. एकाची मांडीवर, दुसऱ्याची गालावर, एकाची मानेच्या उजव्या अंगाला, दुसऱ्याची डाव्या. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांना अर्थातच डाग नसायचा. एखाद्या पिल्लावर दोघांनी हक्क सांगितला तर म्हातारी मंडळी त्याला सकाळपासून बांधून ठेवायची, दूध तोडायची, आणि उन्हं उतरल्यावर सगळ्या उंटिणींसमोर सोडून द्यायची. पिल्लू भुकेलं, धडपडत, ओरडत सुटायचं, दहा-वीस उंटिणींना हुंगून सोडायचं आणि एकीच्या पोटाखाली तोंड खुपसायचं. खलास. भांडण मिटलं. मग त्या उंटिणीच्या धन्याची सळई पिल्लाच्या अंगावर टेकायची. एवढा सरळ न्याय मी पुढच्या आयुष्यात कुठल्याही कचेरीत पाहिला नाही, आणि कचेऱ्यांत मी चाळीस वर्षं काढली आहेत.

पण त्याच सुमाराला रस्ते होऊ लागले, ट्रक आले, रस्त्यावर भटकणारे उंट पकडून कुंपणात घालायची पद्धत आली. तेव्हा इस्माईलभायच्या कचेरीच्या मुदीरने, म्हणजे प्रमुखाने, ठरवलं की सगळ्या खुणा कागदावर आल्या पाहिजेत. मुदीर परमुलखातला अरब, शिकलेला, कडक इस्त्रीचा. बदू लोक हसले. उंटाच्या अंगावर लिहिलंय की, ते पुन्हा कागदावर कशाला? तरी काम इस्माईलभायवर आलं, कारण त्यांचा हात सुरेख होता, कुराण शिकवणाऱ्या हाफिजकडे लहानपणी कित्ता गिरवून बसलेला. ते विहिरी-विहिरींवर फिरले, उंटांजवळ उभं राहून खुणा उतरवल्या, नावं लिहिली, आणि चार कच्च्या वह्या भरल्या. अरबी लिपीत, म्हणजे अर्थातच उजवीकडून डावीकडे: आधी धन्याचं नाव, मग खूण, मग उजव्या अंगाचा रकाना आणि शेवटी डाव्या अंगाचा. ज्या अंगाला डाग, त्या रकान्यात टिंब.

मुदीरला पक्की प्रत इंग्रजीत हवी होती, कारण वरती इंग्रज साहेबांना दाखवायची होती. इस्माईलभायच्या मागे कचेरीचं रोजचं काम, आणि महिन्याची मुदत. मी तेव्हा बंदरावर पोती उचलत होतो. एका संध्याकाळी ते म्हणाले, तुझं इंग्रजी अक्षर बरं आहे, बस नक्कल करायला. कचेरीचे कागद बाहेरच्या माणसाला दाखवायची सक्त मनाई होती, आणि मी तर नुसता बाहेरचा नव्हे, बिनकागदांचा. पण मी पोती उचलून वाकलो होतो आणि त्यांना ते बघवत नव्हतं. मग काय, जुम्म्याला दिवसभर आणि रोज कामावरून आल्यावर मी त्यांच्या खोलीत पालथी पेटी पुढ्यात घेऊन नक्कल करायचो. खाली सही मात्र त्यांची: ही प्रत मी स्वतःच्या हाताने केली आहे, अशी.

आता चूक कशी झाली ते नीट सांगतो, कारण ही चूक फक्त आमच्याच हातून होऊ शकते. आम्ही कोकणी मुसलमानांची पोरं. सकाळी मदरशात उजवीकडून डावीकडे आणि दुपारी मराठी शाळेत डावीकडून उजवीकडे वाचत मोठी झालेली. दोन्ही दिशा आमच्या डोळ्यांत इतक्या मुरलेल्या की आपण कुठल्या दिशेने चाललो आहोत याचं भानच राहत नाही. इंग्रजी प्रतीत रकाने उलट क्रमाने येणार: उजव्या अंगाचा रकाना आधी म्हणजे डावीकडे, आणि डाव्या अंगाचा त्याच्यानंतर उजवीकडे. प्रत्येक टिंब उचलून पलीकडच्या बाजूला टाकायचं होतं. साठ-सत्तर पानं मी बरोबर केली. एका पानावर, देव जाणे कशात होतो, घरून पत्र आलं होतं बहुतेक... हात चालत राहिला आणि डोकं थांबलं. कच्च्या वहीत टिंब जिथे दिसलं तिथेच इंग्रजी पानावर ठेवत गेलो. बारा नावं. बाराही जणांच्या उंटांची उजवी बाजू डावी झाली आणि डावी उजवी. इस्माईलभायनी विश्वासाने सही केली. प्रत बांधली गेली, तिच्यावर शिक्का बसला.

त्या बारांपैकी दहा जणांच्या खुणाच वेगवेगळ्या असल्याने कुणाचं काही अडलं नाही. उरलेली दोन नावं एकाच कुळातली, एकाच खुणेची. एक होती उम्म सईद, म्हणजे सईदची आई. तिकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. नवरा वारलेला, सईद कुवेतला कामाला गेलेला, जवळ एक लहान मुलगी आणि एकच दुभती उंटीण. तिच्या दुधावर घर चालायचं, अक्षरशः. तिची खूण मानेच्या डाव्या अंगाला. दुसरा तिचा चुलतदीर, शंभर उंटांचा धनी, त्याची तीच खूण उजव्या अंगाला. पुढच्या उन्हाळ्यात उम्म सईदची उंटीण नव्या रस्त्यावर भटकली, कुंपणात पडली. मुदीरने शिक्क्याची प्रत उघडली, डावी मान कुणाची ते पाहिलं आणि चुलतदिराला निरोप धाडला. त्याचा माणूस येऊन उंटीण घेऊन गेला. त्याला का कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण कागदाने आयती दारात आणून बांधलेली दुभती उंटीण कोण सोडतो!

उम्म सईद चालत गावात आली. कचेरीच्या अंगणात मजलिस, म्हणजे बैठक, भरली, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजनंतर. मी भिंतीशी बघ्यांत उभा होतो. बाईने तोंडावरचा बुरखा सावरत एवढंच सांगितलं की उंटीण माझी आहे आणि घरात मुलगी उपाशी आहे. मग एक म्हातारा खोजी उठला, पावलांच्या ठशांवरून जनावर ओळखणारा. म्हणाला, ही मागचा डावा पाय ओढते, मी तिचा माग सात वर्षं बघतोय, हिचीच आहे. बसलेल्या सगळ्या दाढ्या हलल्या. पण मुदीर म्हणाला की पावलाचा ठसा फाईलला लागत नाही. हे पुस्तक एकदा खोटं पडलं तर उद्या जो तो उठेल आणि प्रत्येक पानावर भांडेल. चुलतदीर जमिनीकडे बघत होता. तेव्हा इस्माईलभाय पुढे झाले, कच्ची वही आणि पक्की प्रत शेजारी ठेवून पान उघडलं. बघता क्षणी त्यांना समजलं. मला भिंतीशी उभ्या उभ्याच समजलं, कारण ते पान मी दुरून ओळखलं. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बहुतेक मी पुढे येतो का ते पाहत होते. मी माझ्या पायांकडे पाहिलं. अजून आठवतं, उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी तिथे सुतळी बांधली होती.

मुदीरने विचारलं, "ही नक्कल कोणी केली?"

"मी."

"सगळी?"

"सगळी. या पानावर माझ्या हातून बाजू उलटल्या. उंटीण उम्म सईदची आहे."

खलास. एवढंच. बाईला उंटीण मिळाली, सूर्य बुडायच्या आत. मुदीरने प्रत मिटली आणि इस्माईलभायना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी शेपूट घातली होती ती घातलीच. वाळूतून घरी येताना मी मागे, ते पुढे. मी रडत होतो की नुसता नाक ओढत होतो, सांगता येत नाही. दाराशी आल्यावर ते म्हणाले, "तुला लाँचमध्ये बसवून परत धाडलं असतं. मला नुसतं कामावरून काढलं. यात रडण्यासारखं काय आहे?" आणि चुलीवर चहा ठेवायला बसले.

याच्या पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. आठ दिवसांनी मुदीरने बंदरावर विचारपूस केली, इंग्रजी अक्षर चांगलं असलेला कुणी हिंदुस्थानी माणूस आहे का. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी इस्माईलभायना म्हटलं, मी जाणार नाही. मनातून कुठे जायचं नव्हतं असं नाही, पण म्हटलं. ते म्हणाले, वेडा आहेस का, तुझ्या घरी पाच तोंडं आहेत, जा. गेलो. कागद मिळाले, परवाना मिळाला. पहिल्या दिवशी मुदीरने पहिलं काम काय दिलं असेल? तेच पान दुरुस्त करून पुन्हा लिहायचं. लिहिलं. काय सुंदर अक्षर आहे, असं तो म्हणाला. तिथून मी अबुधाबीला गेलो, मोठ्या कंपनीत लागलो, बायकोला आणलं, मुलांना शिकवलं. आज ज्या काचेशी उभा राहून मी खाडी बघतो ती काच त्या पानातून आली आहे.

आणि इस्माईलभाय? उम्म सईदने निरोप पाठवला होता, ज्याची भाकरी माझ्या उंटिणीपायी गेली त्याने तिचं दूध प्यायला यावं. दुसरं काम मिळेपर्यंत चार दिवस जाऊन येतो म्हणून गेले, ते तिथेच राहिले. सईद कुवेतहून परतला, त्याने त्यांना भाऊ मानलं. त्यांचे कागद इस्माईलभाय बघायचे, पोरांना अक्षर शिकवायचे, उंटांची देखभाल करायचे. तिकडच्या लोकांना टोपणनाव ठेवायची फार हौस. त्यांनी इस्माईलभायना नाव ठेवलं बू ख़ता, म्हणजे 'चुकीचा बाप', चूक ज्याच्या नावावर तो. हिणवून नाही हं, प्रेमानेच. भर मजलिशीत उभं राहून माझी चूक म्हणणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. लहान पोरंसुद्धा बू ख़ता, बू ख़ता करत त्यांच्या पाठीमागे धावायची. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ते कानावर आलं. नाव माझं होतं आणि हाक त्यांना मारत होते.

गावाकडे वेगळीच कथा पोचली. आपली माणसं काय, एकाने पत्रात लिहिलं की इस्माईलला कागदात घोळ केला म्हणून काढलं, तिसऱ्या घरापर्यंत जाता जाता घोळाची लबाडी झाली. त्यांचं लग्न ठरलं होतं, मुलीच्या बापाने मोडलं. ही बातमी मला माझ्या आईच्या पत्रातून कळली. मी उलट टपाली लिहू शकत होतो, की आई, घोळ तुझ्या मुलाने केला. मी लिहिलं की इथे खूप गरम होतंय आणि धाकट्याच्या फीचं बघतो. त्यांनी पुढे लग्नच केलं नाही. गावी गेले ते दोनदा, आईच्या आणि बापाच्या मातीला. माणसाला गाव तोडतं म्हणजे काय करतं, कुणी मारहाण थोडीच करतं? सगळे या, बसा म्हणतात आणि कुणी काही विचारत नाही.

साठ वर्षांत आम्ही किती वेळा भेटलो असू! आधी महिन्या-दोन महिन्यांनी, मग ईदला, मग नुसते फोन. दर वेळी मी ठरवून जायचो की आज बोलायचं, राशिदच्या बापासमोर, म्हणजे सईदसमोर, सगळ्यांसमोर. जेवण व्हायचं, कॉफी व्हायची, परतीची वेळ व्हायची. माझी बायको वारली तेव्हा ते आले, बसने, दोन बस बदलून. दिवसभर माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी मन हळवं झालेलं, मी म्हटलं, इस्माईलभाय, ते पान... त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चहा गार होतोय. मला वाटलं, ते मला माफ करताहेत. आता वाटतं, तसं नसेलही. कदाचित मी त्यांच्या एकट्याच्या कानात बोलून मोकळा होऊ पाहतोय, हे त्यांना दिसलं असेल. सांगायचं होतं ते त्यांना नव्हतंच. त्यांना तर ठाऊकच होतं.

तर टॅक्सी करून मी गेलो. राशिदच्या शेतावर तंबू घातला होता, गालिचे अंथरलेले, येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ. एवढी माणसं माझ्या मयताला येणार नाहीत, हे मला बसल्या बसल्या कळलं. राशिदने माझी ओळख करून दिली, बू ख़ताचे सर्वांत जुने दोस्त. तरुण पोरं भोवती जमली. एकाने विचारलं, ती चूक नेमकी काय होती, आम्ही नुसतं नावच ऐकत आलो. मी मोडक्या अरबीत आणि हिंदीत सगळं सांगितलं. वही, रकाने, मजलिस, तुटकी चप्पल. आणि शेवटी, ब्याऐंशीव्या वर्षी, चाळीस माणसांच्या देखत म्हटलं, "ती चूक त्यांची नव्हती. ते पान मी लिहिलं होतं."

 राशिदने माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "चाचा, आप बड़े आदमी हो. दोस्त के जाने के बाद उसकी ग़लती अपने सर कौन लेता है!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, माशाल्ला, माशाल्ला. मी पुन्हा सांगितलं. लतीफ माझं नाव, नक्कल माझी. जितकं सांगावं तितका त्यांचा माझ्याबद्दलचा आदर वाढत गेला. एका म्हाताऱ्याने उठून मला स्वतःच्या जागेवर बसवलं, कॉफीचा पहिला पेला माझ्यापुढे आला. काय करणार? प्यायलो. कडू होती, नेहमीसारखी.

असरनंतर गर्दी ओसरली तेव्हा राशिद म्हणाला, चाचा, दोन मिनिटं, उंट आत घेतो. मी त्याच्या मागून कुंपणापर्यंत गेलो. उन्हं तिरपी झाली होती, लांब गाफच्या झाडांखाली पंधरा-वीस उंटिणी विखुरलेल्या. राशिदने तोंडाशी हात नेले आणि हाक घातली, "ये गोऽऽ, ये... ये गो बायऽऽ, ये..." मी चरकलो. ही आमच्या किनाऱ्यावरची हाक. संध्याकाळी आमच्याकडे बाया गाईंना अशाच बोलावतात. अरबी नरड्यातून येताना तिचा सूर थोडा जाड झाला होता. मी विचारलं, ही अरबी आहे का? राशिद म्हणाला, माहीत नाही, आमच्या घरात उंटांना असंच बोलावतात, आधीपासून. आणि खरंच, उंटिणी एकेक करून चरायच्या थांबल्या, माना वळवल्या आणि संथपणे कुंपणाकडे चालू लागल्या. जवळून गेल्या तेव्हा प्रत्येकीच्या मानेच्या डाव्या अंगाला ती खूण दिसली.

तेवढ्यात तंबूकडून कुणीतरी राशिदला बोलावलं आणि तो गेला. दोन उंटिणी अजून लांब झाडाखालीच होत्या. आसपास कुणी नव्हतं. मी कुंपणाचा दांडा धरून उभा राहिलो, घसा साफ केला आणि हाक मारली, "ये गो, ये..." उच्चार राशिदपेक्षा माझा बरोबर होता, तो माझ्या गावचाच होता. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही.